रजिस्टर

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
धनकवडीत, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये
दोन स्कूटर बाहेर काढल्या की चार टेबलं मावतात.
पाचवं माझं. त्यावर रजिस्टर आणि दोऱ्यानं बांधलेलं पेन.
(दुरुस्तीला येणारी माणसं सज्जनच,
पण पेनचं काही सांगता येत नाही.)

रकाने मीच आखलेत, पोस्टातल्या सवयीनं:
वस्तू. बिघाड. कधीपासून.
शेवटी एक अरुंद, ‘शेरा’.

बिघाडाच्या रकान्यात लोक वाटेल ते लिहितात.
मिक्सर: ‘ओरडतो, पण फिरत नाही.’
इस्त्री: ‘सुनेच्या हातून’ – पुढे खाडाखोड,
मग नुसतंच ‘पडली’.
सातवीतल्या स्वानंदीची छत्री: ‘उघडते. मिटत नाही.’

याकूबभाई तीस वर्षं तपकीर गल्लीत रेडिओंवर वाकले,
आता पाठ सरळ केली की दुखते त्यांची.
वस्तू आधी कानाशी नेऊन हलवतात,
बाजारात नारळ हलवावा तशी.
आत काही खुळखुळलं की हसतात –
‘सुटलंय फक्त. गेलेलं नाही.’

एका पोराचा मोबाइल मात्र
चारदा उलटापालटा करून परत दिला.
‘याला स्क्रूच नाही, बेटा.
बनवणाऱ्यालाच नको होतं कुणी आत बघितलेलं.’
शेरा: जमलं नाही.
असे शेरे बरेच आहेत. मी ते खोडत नाही.

भिंतीकडेला अदलाबदलीची सतरंजी.
एक ठेवा, एक उचला, एवढाच नियम.
कुणी कुकर ठेवून गोष्टींचं पुस्तक नेतं
आणि वरच्या फरकाचं कुणी बोलत नाही.
पुण्यात हे घडतं, यावर
माझ्या नाशिकच्या बहिणीचा अजून विश्वास नाही.

मेमध्ये पारूबाई लोखंडे पंखा घेऊन आली.
टेबल फॅन. एक पातं चिरलेलं, जाळीत केसांचा पुंजका.
आमच्याच पिंपातला.
रोज सकाळी ओला-सुका निवडून
तिच्या बोटांना कळतं, कशात अजून धुगधुगी आहे.
कपॅसिटर गेला होता. पंचेचाळीस रुपये.
पात्याला याकूबभाईंनी तापल्या तारेचे टाके घातले.
आधी कण्हला, मग फिरला.
माझ्या रजिस्टरची पानं मार्चपर्यंत मागे उडाली.

‘हा माझा आहे,’
बी विंगचे खाजगीवाले म्हणाले.

कुणीच काही बोललं नाही.
पंखा तेवढा मान वळवत राहिला,
एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे,
नाही, नाही, म्हणत असल्यासारखा.
पारूबाईनं पदर सारखा केला.
‘घ्या की साहेब. बदल्यात काय ठेवताय?’

त्यांनी पाकीट काढलं.
‘पैसे चालत नाहीत, काका,’ स्वानंदी म्हणाली.
मग खिशातून निघालं ते: लॅचची किल्ली,
चष्म्याचं फडकं, अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी.
ते वर गेले.
आम्हाला वाटलं, आता सेक्रेटरीला घेऊन येतात.

आले वीस मिनिटांनी, घामाघूम,
हातात पत्र्याची पेटी, बिजागरीला गंज.
सोल्डरिंगची सळई, चिमटे, बारीक पाने,
सगळं तेलकट कापडात गुंडाळलेलं.
सतरंजीवर नाही ठेवली. याकूबभाईंपुढे ठेवली
आणि शेजारची खुर्ची ओढली.
हात थरथरतात त्यांचे. पहिल्याच दिवशी
एक बरी असलेली टॉर्च जाळली.

वस्तू: टेबल फॅन. बिघाड: कपॅसिटर.
आणणार: पारूबाई लोखंडे.
‘टाकणार’ असा रकाना आमच्याकडे नाही,
आणि आता जागाही नाही.

सोमवारी ती फाटकापाशी थांबली.
‘पोरं झोपली बाई रात्री. पत्रा तापतो ना आमचा.
पण घरघर करतो मेला. विचारा की त्यांना,
आधीपासूनच करायचा का.’

विचारलं.
म्हणाले, ‘तीनवर करतो.
दोनवर ठेवा म्हणावं.’